कॉर्टिसॉल कमी होतं

बाबांच्या छातीवर दाब देणं चालू असतानाच त्यांचं थोडं रक्त काढून घेतलं होतं. अभ्यासासाठी असं रक्त आधी घेतात, परवानगी नंतर मागतात; त्या घाईत विचारणार कोणाला? बाबा वाचले नाहीत. काही दिवसांनी अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी मुलीला बोलावलं. सोबत काका आले.

"हृदय बंद पडल्यावर रक्तात ताणाची हार्मोन्स किती असतात, ते आम्ही मोजतो," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची हरकत असेल तर नमुना टाकून देऊ."

काका सरसावून बसले. "ताण रक्तात दिसतो? मग बघाच. त्या सकाळी हिने त्याच्या हातातून स्कूटरची चावी हिसकावली. अख्ख्या जिन्याने ऐकलं."

"स्कूटर धडकवून फाटकाचा खांब पाडला होता त्यांनी, काका."

"खांब पडला, पण तुझा बाप तर उभा होता ना? त्याला तू आडवं केलंस."

हे ती घरात रोज ऐकत होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "किती होतं त्यांचं?"

डॉक्टरांनी स्क्रीनवर पाहिलं. "कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं मुख्य हार्मोन, कमी होतं. अपेक्षेपेक्षा बरंच कमी."

"कमी?" काकांचा आवाज उतरला. "मग माझं काही म्हणणं नाही." चेहऱ्यावरून रुमाल फिरवत ते पाणी प्यायला बाहेर गेले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं नाही.

मुलीने संमतीपत्रावर सही केली. "म्हणजे ते चिडलेले नव्हते."

"तसं नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या धक्क्यात ते वाढायला हवं. ज्यांचं वाढत नाही, ते बऱ्याचदा वाचत नाहीत. शरीराची ताकदच संपली होती, असा त्याचा अर्थ असू शकतो. सकाळचं भांडण त्यात दिसत नाही. आकडा जास्त असता, तरी दिसलं नसतं."

"म्हणजे माझ्यामुळे झालं नाही, असंही म्हणता येत नाही."

"रक्तावरून दोन्ही सांगता येणार नाही." डॉक्टर उठल्या. "मी मघाशीच पूर्ण सांगायला हवं होतं. काकांना बोलावते."

"नको, मॅडम. त्यांना एवढंच कळू दे."

दार ढकलून काकांनी आत डोकावलं. "चल बाळ," ते म्हणाले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्याशी असं बोलले होते.

ती उठली आणि डॉक्टरांकडे न बघता काकांच्या मागे गेली.