तारकोन गिटार आणि शेवटची किटली

मित्रांनो, चौसाळ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलात की दोन कोसांवर एक गाव लागतं. तिथल्या दूध संस्थेत कधी गेलात, तर डाव्या हाताच्या भिंतीला एक लाल गिटार टांगलेली दिसेल. रंग उडालेला, आवाजाचं एक बटण गायब आणि त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलेलं. ती मी.

माझ्या डोक्यावर पांढऱ्या अक्षरांत 'तारकोन' असं लिहिलेलं आहे. हे माझ्या कंपनीचं नाव. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, कुणीच ऐकलेलं नसतं, आणि त्याचं वाईट वाटून घेणं मी कधीच सोडून दिलं आहे. कोलकात्याच्या एका गल्लीत चार कारागीर मिळून आम्हाला बनवत. नामांकित गिटारींना निवडक लाकूड मिळतं, मला जे उरलं होतं ते मिळालं. पण रंग देणारा म्हातारा कारागीर मन लावून काम करणारा होता. त्याने मला तीन हात लाल रंग दिला आणि सावलीत वाळवलं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

मी विजेवर वाजणारी गिटार आहे. माझं अंग भरीव, आत पोकळी नाही. तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीतून एक वायर ॲम्प्लिफायरकडे जाते, तिथून आवाज भोंग्यात जातो, आणि मग कुठे लोकांना कळतं की मी काहीतरी म्हणते आहे.

माझा पहिला मालक त्रिंबक, घाटनांदूरचा. तो एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. पुण्याच्या दुकानात मोठ्या कंपन्यांच्या गिटारी काचेच्या कपाटात होत्या आणि मी दाराआड उभी होते. त्याच्या ऐपतीत मीच बसत होते. ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी मला पाहून त्याची बरीच थट्टा केली. त्रिंबक म्हणायचा, "कंपनीचं नाव न्हाई म्हून काय झालं? वाजतीय की." लातूरच्या एका वादकाकडेही तारकोनच होती, माझी सख्खी बहीण. एखाद्या जत्रेत दोघांची गाठ पडली की ते आजारी जनावरांची चौकशी करावी तशी आमची चौकशी करत. तिची खुंटी ढिली पडायची, माझी उन्हाळ्यात मान वाकायची. माझ्या आवाजात एक घरघर होती, ती तिच्यातही होती. सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नसत. पण रेडिओ दुरुस्त करणारा साधा माणूसही आम्हाला उघडून पुन्हा बोलती करू शके, आणि हे काचेच्या कपाटातल्यांच्या बाबतीत होत नाही, असं दोघं अभिमानाने सांगत.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. जत्रा नावापुरत्या झाल्या, कार्यक्रम थांबले, ऑर्केस्ट्रा फुटला. त्रिंबक कामासाठी पुण्याकडे निघाला आणि जाताना मला घेऊन बहिणीच्या गावी आला. बहिणीचा नवरा बंकट याला तो म्हणाला, "दाजी, ही तुमाला. गरीब हाय, पर सोबतीला लई चांगली."

बंकट दूध संस्थेत नोकरीला होता. तीसएक वर्षांचा, अबोल, हाताने हळुवार. बायका किटल्या घेऊन येत. बंकट मापाने दूध मोजून घेई आणि प्रत्येकीच्या दुधाचा नमुना एका छोट्या बाटलीत काढून सचिव सुंदररावांपुढे ठेवी. सुंदरराव ती बाटली मशीनला लावत. दुधात स्निग्धांश किती, म्हणजेच फॅट किती, ते मशीनच्या काचेवर आकड्यात उमटे. आकडा चांगला तर दूध चांगलं. पूर्वी दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी होती, ती आदल्या वर्षी फुटली. तेव्हापासून सगळा भरवसा मशीनवर.

गावात लाइट असून नसल्यासारखी. म्हणून संस्थेने मशीनसाठी एक मोठी बॅटरी घेतली होती. ग्रामसभेच्या आणि टँकरच्या सूचना देण्याचा संस्थेचा भोंगा आणि ॲम्प्लिफायरही त्याच बॅटरीवर चालायचे. बंकटच्या घरी ॲम्प्लिफायर कुठला असणार? तो मला संस्थेत घेऊन आला. दूध मोजण्याचं त्याचं काम आधी उरके, नमुन्यांच्या बाटल्या ओळीने लावून होत, आणि मग सुंदरराव शेवटच्या चार-पाच बाटल्या तपासत असताना बंकट कोपऱ्यात बसून मला भोंग्याला जोडी. सुंदररावांनाही ते आवडायचं. अध्यक्ष विठ्ठलराव एकदा उभं राहून ऐकून गेले आणि म्हणाले, "चालू दे. तेवढाच गावाला इरंगुळा."

सर्वांत जास्त आवडायचं ते भिवराबाईंना. भिवराबाई गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून यायच्या. मेंढ्या दुष्काळात गेल्या होत्या, उरली होती एक म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव चंद्री. वस्ती लांब, त्यामुळे भिवराबाईंची किटली रोज सगळ्यांच्या शेवटी लागायची. उशीर झाला म्हणून त्या कधी कुरकुरल्या नाहीत. खांबाला टेकून बसत आणि बंकटला म्हणत, "वाजव की लेकरा, माजं दूद लागंस्तवर." मग बंकट त्यांच्यासाठी ओवीची एक चाल वाजवी. मी विलायती चालींसाठी घडलेली, पण ती चाल मला फार मानवली. भिवराबाई डोळे मिटून मान हलवत. माझ्या आयुष्यात माझी घरघर कुणी वजा न करता ऐकली असेल, तर ती त्यांनी.

आणि मित्रांनो, त्यांचंच मी वाटोळं केलं.

झालं असं. त्या उन्हाळ्यात लाइट दिवसातून जेमतेम दोन तास यायची. बॅटरी पुरती भरतच नसे. सकाळच्या कामात ती निम्मी उतरलेली असायची, आणि त्यात बंकट मला जोडायचा. मी वाजू लागले की आधीच्या बाटल्या कशाबशा निभावत, पण शेवटच्या बाटलीपर्यंत बॅटरी अगदीच उतरून मशीनला हवी तेवढी वीज मिळत नसे आणि त्याच्या काचेवरचा आकडा खाली यायचा. त्या वेळी मशीनला कुणाची बाटली लागलेली असायची? रांगेत शेवटी असणाऱ्या भिवराबाईंची. चंद्रीच्या दुधाला सात फॅट लागायचं, ते पाच दिसू लागलं. एकदा, दोनदा, तीनदा.

संस्थेचा नियम होता की तीन वेळा फॅट घसरलं तर दूध बंद, आणि नाव बाहेरच्या फळ्यावर. सुंदररावांनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'भिवराबाई, वस्ती. दुधात पाणी.'

भिवराबाईंना वाचता येत नव्हतं. रांगेतल्या एकीने त्यांना ते वाचून दाखवलं. मग आत येऊन शांतपणे म्हणाल्या, "सचिवसाहेब, आमच्या वस्तीवर टँकर चौथ्या दिवशी येतो. प्यायला पानी न्हाई. दुदात घालाया कुटलं आनू?"

सुंदररावांनी मान वर केली नाही. "मशीन खोटं बोलत न्हाई, बाई," ते म्हणाले.

दूध बंद झालं म्हणजे नुसतं दूध बंद झालं असं नाही. चाराही त्या साली संस्थेमार्फतच येत होता आणि दूध घालणाऱ्या सभासदांनाच मिळत होता. फळ्यावर नाव गेलं त्या दिवसापासून चंद्रीची पेंडी थांबली. भिवराबाई बाभळीच्या शेंगा वेचू लागल्या, वाळला पालापाचोळा गोळा करू लागल्या. मला हे कळायचं ते बंकटच्या घरी येणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट घडली. अध्यक्षांच्या घरी पाहुणे आले होते, म्हणून त्यांच्या पत्नी तुळजाबाई उशिरा आल्या आणि त्यांची किटली शेवटी लागली. बंकट नेहमीप्रमाणे वाजवत होता. मशीनच्या काचेवर आकडा आला पाच. सुंदररावांनी तो पाहिला आणि लगेच म्हणाले, "मशीन बिगडलेलं दिसतंय." भिवराबाईंच्या वेळी हे शब्द त्यांना एकदाही सुचले नव्हते. त्यांनी बंकटला हात करून थांबवलं, नमुना पुन्हा लावला. आकडा आला सात. "हां, आता बरोबर हाय," म्हणाले आणि लिहून घेतलं.

सुंदरराव पुढच्या कामाला लागले, पण बंकटने मशीनचा लाल दिवा पाहिला होता. तो मघाशी मंद होता आणि आता लख्ख होता. त्याचा हात माझ्या तारांवर तसाच राहिला. त्या हाताला घाम सुटला, तेव्हाच मला कळलं की त्याला कळलं आहे.

त्याने त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. मला घरी नेलं, खुंटीला टांगलं आणि आठ दिवस हात लावला नाही. मला बोलता येत असतं तर मी बोलले असते, असं म्हणणं सोपं आहे. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. खरं बाहेर आलं तर संस्थेत माझ्यावर बंदी येणार होती, आणि भोंग्याशिवाय मी म्हणजे तारा लावलेली फळी.

आठव्या दिवशी बाजार होता. सकाळी भिवराबाई चंद्रीला घेऊन बंकटच्या दारावरून गेल्या. म्हशीच्या बरगड्या मोजता येत होत्या. बंकटची बायको दारात उभी होती. तिने विचारलं, "मावशी, कावून इकता वो म्हस?"

"इकत न्हाई बाई," भिवराबाई म्हणाल्या. "जगाया धाडतीय. माज्या दारात मरंल ती."

बंकटने हे घरात बसून ऐकलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. दुपारी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने मला काखेत मारलं आणि तडक संस्थेत आला. रांग लागलेली होती, विठ्ठलरावही आले होते. आदल्या दिवसापासून लाइट न आल्याने बॅटरी आधीच पार उतरलेली होती. बंकट म्हणाला, "सचिवसाहेब, कुनाचंबी एक दूद लावा." सुंदररावांनी पहिल्या किटलीचा नमुना लावला. आकडा आला सहा पूर्णांक आठ. बंकटने मला भोंग्याला जोडलं आणि भिवराबाईंची ती चाल वाजवायला घेतली. "आता तेच दूद पुन्यांदा लावा." लाल दिवा मंदावला. आकडा आला पाच. बंकट थांबला, आकडा वर गेला. पुन्हा वाजवलं, पुन्हा खाली. तीन वेळा त्याने हे केलं. तेवढी वाईट मी कधीच वाजले नसेन, कारण त्याचं लक्ष चालीकडे नव्हतं, मशीनच्या दिव्याकडे होतं.

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. बंकट म्हणाला, "भिवरामावशीच्या दुदात पानी नव्हतं. हे मला आठ दिसापासून ठावं हाय."

विठ्ठलरावांनी विचारलं, "मग आठ दिस तोंड शिवलं होतं का बे?"

"भ्यालो. नोकरी जाईल म्हून," बंकट म्हणाला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आन ही बंद व्हईल म्हून."

विठ्ठलरावांनी स्वतः फळा पुसला. सुंदररावांना बरोबर घेऊन ते पायी वस्तीवर गेले आणि दोघांनी भिवराबाईंची माफी मागितली. मग बाजाराच्या गावी माणसं पाठवली. ज्या व्यापाऱ्याने चंद्री घेतली होती, त्याने ती त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून पुढे धाडली होती. कुठे, ते त्यालाही सांगता येईना. दुसरी म्हैस देऊ असं संस्था म्हणाली, पण त्या साली देण्यासारखी म्हैस होती कुणाकडे? भिवराबाईंच्या नावचा चारा तेवढा सुरू झाला. दारात पेंडी येऊन पडली आणि खायला जनावर नव्हतं. त्यांनी ती शेजाऱ्याच्या गाईला घातली.

बंकट मला घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसला तेव्हा त्याला रडू आवरेना. मला विकून काही हाती येईल म्हणून तो बीडच्या दोन दुकानांत जाऊन आला होता. दोन्हीकडे माझ्या डोक्यावरचं नाव वाचून नको म्हणाले. भिवराबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजं वाजवनं वंगाळ नव्हतं लेकरा. मीच तर वाजव म्हनत हुते. तू गप बसलास, ते वंगाळ." त्यांनी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. बंकटची नोकरी राहिली, पण त्याने मला पुन्हा जोडलं नाही. संस्थेनेच मला या भिंतीवर टांगलं, मशीनच्या बरोबर वर. भिवराबाईंनी पुढे म्हैस पाळली नाही. त्या आता संस्थेत किटल्या धुवायला येतात. किटल्या धुऊन झाल्या की ओले हात पदराला पुसतात आणि त्याच पदराने माझी धूळ पुसतात. बाकी सगळे मला विसरले आहेत. जिचं मी नुकसान केलं, तीच मला जपते, आणि हे मला कुठल्याही थट्टेपेक्षा जड जातं.

मित्रांनो, जुन्या वाद्यांची निगा राखा, त्यांच्या तारा गंजू देऊ नका, हे मी सांगायला हवं आणि सांगतेही. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, गाल, वाजवाल, भोंग्यावर बोलाल. जरूर बोला. फक्त तुमचा आवाज चढत असताना रांगेच्या शेवटी कोण उभं आहे, तिकडे एकदा बघा. तिथला दिवा मंद झालेला दिसला तर हात थांबवा. आणि का थांबवला, ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. बंकटने नवव्या दिवशी सांगितलं. चंद्री आठव्या दिवशी गेली होती.