चंद्रभानच्या हातची द्राक्षे

नाचणगावात रुख्मिणीबाईंचा शब्द खाली पडत नसे. ऐन तारुण्यात त्या दारूच्या गुत्त्यापुढे तीन दिवस ठाण मांडून बसल्या होत्या. जिल्ह्यात दारूबंदी आली तेव्हा त्यांनी गावाला साखर वाटली. त्याच बाईंच्या पुढ्यात सत्तावन्न सालच्या वैशाखात ओमप्रकाश नावाच्या नागपूरकडच्या खलाशाने लाल दारूची बाटली ठेवली.

"हे काय आणलं? उचल पयले!"

"माई, चंद्रभानच्या हातची हाये."

चंद्रभान त्यांचा एकुलता एक. जहाजावर होता. चिली देशात तापाने पडला आणि जहाज त्याला, सोबतीला ओमप्रकाशला, उतरवून पुढे गेले. एका शेतकऱ्याने त्याला घरात घेतले. बरे वाटताच तो द्राक्षतोडणीत राबला. पाईस नावाचे ते काळसर द्राक्ष. गोरगरिबांचे, बड्यांच्या खिजगणतीत नसलेले. वेळूच्या कामट्यांवर घोस चोळून त्याने मणी मोकळे केले, रस मुरत ठेवला. मग ताप उलटला. मृत्यूची तार वर्षापूर्वीच आली होती. अस्थी आल्या नव्हत्या. त्या पाण्यात पडेपर्यंत लेक वाटेतच उभा, हा सल बाईंना जेवू देत नव्हता.

"राख काऊन नाई आणली?"

"ते लोक जाळत नाईत, माई. पुरतात."

"मंग माह्या लेकाचं घरी काय आलं?"

ओमप्रकाशने बाटली त्यांच्याकडे सरकवली.

बाटलीतलेच नदीत सोडायचे बाईंनी ठरवले, तेव्हा पुरोहित नानाजी म्हणाले, "बाई, दारू नदीत? शास्त्रात बसत नाई."

"बिनाअस्थीचा लेक बसते का तुमच्या शास्त्रात?"

सकाळी तांब्यात ती दारू ओतून, तांब्याच्या तोंडाला पांढरे फडके बांधून बाई ओमप्रकाशसोबत वर्धा नदीकडे निघाल्या. वाटेत पोलीस शिपाई बंडूजीने वास ओळखला.

"आजी, तांब्यात काय हाये?"

बाई जन्मात खोटे बोलल्या नव्हत्या.

"दारू. लेकाच्या हातची. नदीत सोडाले नेऊन राह्यली. मले मंग पकडजो."

बंडूजीने टोपी काढली आणि तो मागे चालू लागला.

पाणी ओंजळभर लाल झाले, पुन्हा होते तसे झाले. एक थेंब बाईंच्या बोटावर राहिला.

ओमप्रकाश हळूच म्हणाला, "माई, चाखा. 'मायले आवडंन', असं म्हने तो."

बाईंनी बोट ओठांपर्यंत नेले. तिथेच थांबल्या. मग पांढऱ्या पदराला पुसले.

सुनेसाठी राखून ठेवलेली पेटी त्या रात्री उघडली गेली. शालूच्या घडीवर ते डागाचे लुगडे ठेवले, न धुता.