कामठी रोडवर बंद पडणारा फोन

हर्षाला जन्मापासून दिसत नव्हतं, पण टांडापेठेतल्या घरून कामठीच्या बँकेत जायला तिला कधी कोणाची सोबत लागली नाही. सहा वर्षांपासून ती तिथे ग्राहकांचे फोन घेत होती. सकाळी ई-रिक्षाने इंदोरा चौक, तिथून कामठीचा शेअर ऑटो. हातात पांढरी काठी, कुर्त्याच्या खिशात फोन आणि एका कानात इअरफोन. फोन तिला बोलून सगळं सांगायचा. मेसेज कोणाचा आला, किती वाजले, ऑटो कुठवर पोचला. दुसरा कान ती रस्त्यासाठी मोकळा ठेवायची.

जानेवारीत हा फोन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. अर्ध्या शब्दावर आवाज तुटायचा, खिशात एकदा थरथर व्हायची आणि मग मिनिटभर सगळं चिडीचूप. तेवढ्यात ऑटो किती पुढे गेला, हे तिला कळायचं नाही.

तिचा धाकटा भाऊ पंकज बुटीबोरीला कंपनीत होता. फोनचं काही असलं की तोच बघायचा.

"ताई, तूच काही दाबून राह्यली असशील," तो म्हणाला. "खिशात बटण दबत असंल."

त्याने जुनं कव्हर काढून टाकलं. फरक पडला नाही. मग एका दुकानातून फोन पूर्ण कोरा करून आणला. हर्षाचे सगळे नंबर, ओळखीचा आवाज, वर्षानुवर्षं बसवलेली मांडणी गेली. ते पुन्हा जमवायला तिला आठवडा लागला, आणि आठव्या दिवशी ऑटोत फोन परत बंद पडला.

एका रविवारी पंकज फोन टेबलावर ठेवून तासभर समोर बसला.

"पाह्य, माह्यासमोर एकदाही नाई झाला बंद."

"घरी नाईच होत. जाता-येता होते."

"असं कुठं असते काय, ताई? फोनले काय समजते, घर कोणतं अन् रस्ता कोणता?"

त्यानंतर ती फोन हातात घेताना प्रत्येक बोट कुठे पडतं ते तपासू लागली. आपणच काही चुकीचं करतो आहोत, असं तिलाही वाटायला लागलं होतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी फोन असाच मध्येच बंद पडला. ऑटोवाल्याला सांगून ठेवलं होतं, तोही विसरला. हर्षा उतरली तेव्हा बँक बरीच मागे राहिली होती. काठी पत्र्याच्या कुंपणाला लागत होती, एका बाजूने ट्रक जात होते आणि पाऊल कुठे टाकावं ते कळत नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. शेवटी एका भाजीवालीने तिचा हात धरून तिला परतीच्या ऑटोत बसवलं.

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं आणि सांगितल्याचा तिला लगेच पश्चात्ताप झाला. आई, जनाबाई, रडायलाच लागली. पंकज म्हणाला, "सोमवारपासून मी सोडून देत जाईन तुले. रात्रपाळी मागून घेतो."

"अन् झोपशील कधी?"

"पाहू ना. नाईतर थोडे दिवस नोकरी राहू दे, ताई."

तो प्रेमानेच बोलत होता, हे हर्षाला समजत होतं. म्हणूनच तिला त्याच्याशी भांडता आलं नाही.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. पंकज कामावर गेल्यावर ती एकटीच इंदोरा चौकातल्या मधुसूदनच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेली. बँकेतल्या मैत्रिणीने त्याचं नाव सांगितलं होतं. आवाजावरून माणूस पन्नाशीचा वाटत होता.

"ताई, हा फोन बोलत राह्यला तर मले काम नाई सुधरत," तो म्हणाला. "थोडा वेळ याचा आवाज बंद करू काय? नंतर होता तसा करून देतो."

आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. लोक सरळ आवाज बंद करून टाकायचे.

मधुसूदनने चार्जर लावून पाहिला, बॅटरी मोजली, बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून फोन चालवला. मागची बाजू तापते का, ते हात लावून पाहिलं. अर्धा-पाऊण तास गेला. फोन एकदाही बंद पडला नाही. आता हाही तेच म्हणणार, असं वाटून हर्षाने घडीची काठी उघडायला घेतली.

"ताई, बसा. हा बंद पडते कुठं-कुठं, ते सांगा मले."

हर्षाला एकेक वेळ आठवत होती. "ऑटोमोटिव्ह चौक गेल्यावर तीनदा. त्याच्यापुढं, मेट्रोच्या कामानं रस्ता उखडला आहे ना, तिथं तर रोजच. घरी कधीच नाई. बँकेत एकदा, जिना उतरताना."

"ई-रिक्षात?"

"आमच्या मोहल्ल्यातला रस्ता नवा आहे. तिथं नाई."

शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

"चला."

"कुठं?"

"कामठी रोडनं. माह्या टेबलावर गड्डे नाईत, मंग तो बंद कसा पडंल?"

दोघं शेअर ऑटोत बसली. त्याने तिच्याकडून फोनचा बोलका आवाज पुन्हा सुरू करून घेतला, फोन स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि स्पीकरचा आवाज मोठा केला. फोन एकेका चौकाचं नाव घेत होता. शेजारच्या बाईने विचारलं, "दादा, फोन बिघडला का?"

"तेच पाहून राह्यलो," मधुसूदन म्हणाला.

ऑटोमोटिव्ह चौक मागे पडला. रस्ता खराब झाला. एक गचका बसला, दुसरा बसला. फोन वेळ सांगत होता, "अकरा वाजून सव्वी—" आणि आवाज तुटला.

मधुसूदन म्हणाला, "बंद पडला."

हर्षाचे डोळे भरून आले. इतके दिवस हे वाक्य तीच बोलत होती. आज पहिल्यांदा दुसऱ्या कोणी ते म्हटलं होतं.

"ताई, रडता काहून? सापडला ना चोर."

"मी काही दाबलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुमच्या हातात तर नव्हताच तो."

दुकानात परत आल्यावर त्याने फोन उघडला. "बॅटरी बदलली होती काय?"

"दिवाळीच्या आधी. फुगली होती, तर भावानं बदलून आणली."

"मंग हेच. बॅटरीची पिन जिथं बसते ना, तिच्यावर एक बारीक लोखंडी पट्टी असते, दाबून ठेवणारी. ज्यानं बॅटरी बदलली त्यानं ती लावलीच नाई. टेप चिकटवून देली. आता टेपचा गोंद गेला. गचका बसला की पिन हलते, अन् फोन बंद."

त्याने डब्यातून तसल्याच एका मेलेल्या फोनची पट्टी शोधून काढली आणि ती बसवायच्या आधी हर्षाच्या बोटावर ठेवली. तांदळाच्या दाण्याएवढी होती. मग ती बसवून त्याने फोन तळहातावर चांगला दहा-बारा वेळा आपटला. फोन बोलतच राहिला.

संध्याकाळी पंकज आल्यावर हर्षाने त्याला सगळं सांगितलं.

"बॅटरी तर मीच बदलून आणली होती," तो हळूच म्हणाला.

"तुले काय माहीत, त्यानं आत काय केलं?"

"ते नाई म्हणत मी. तू सांगून राह्यली होती रस्त्यातच होते म्हणून, अन् मी तुलेच दोष देत बसलो. चुकलं माह्यं, ताई."

हर्षाने चाचपून त्याचा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला. आतून जनाबाईने जेवायला हाक मारली, पण दोघंही लगेच उठली नाहीत.

सोमवारी निघताना पंकजने विचारलं, "येऊ काय मी, आजच्या दिवस?"

"नको. तू ड्युटीले जा."

उखडलेल्या रस्त्यावर ऑटो नेहमीसारखाच आदळत गेला. हर्षाने सवयीने खिसा घट्ट धरला होता. हळूहळू तिने हात सैल सोडला. फोन बोलत होता. बँकेजवळ ती उतरली, रस्ता ओलांडला, पायऱ्यांशी थांबली आणि पंकजला फोन लावला. पहिल्या रिंगलाच त्याने उचलला.

"पोचली?"

"पोचली. तू ड्युटीवरून आला की लवकर झोप, आवाजावरून वाटते काळजीनं रात्रभर जागाच होता."

"नाई ताई, झोपलो होतो," पंकज म्हणाला, आणि मोठी जांभई दिली.