घसारा वजा जाता उरलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. बादलीच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं घडत नाही. भरणं आणि रिकामं होणं, एवढंच. पण मी एका विम्याच्या दाव्यात साक्षीदार होते, म्हणून माझं ऐका.

कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, कडी अडकवली आणि मी झाले. बालपण असं काही नव्हतं. अप्पांनी मला दुकानातून घरी आणलं. आधी मी अंगणात होते, मग जिन्याखाली, आणि एके दिवशी वरच्या मजल्यावर बेसिनखालच्या कपाटात गेले. तिथे पाइपचा सांधा ठिबकत होता. तात्पुरती ठेवू, असं अप्पा म्हणाले.

ते तात्पुरतं वर्षानुवर्षं टिकलं. अप्पा रोज सकाळी मला रिकामं करायचे. आल्यागेल्याला कपाट उघडून दाखवायचे, एक थेंब बाहेर जाऊ देत नाही म्हणून. प्लंबरला बोलवा, असं त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, म्हणून थकली. बादली आहे ना, एवढंच अप्पांचं उत्तर. माझी मान ताठ व्हायची. खरं तर मला मान नाही, पण कडी आहे.

बेसिनच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, ताईची शिवणाची खोली होती. तिथे दोन मशीन, कापडाचे गठ्ठे आणि शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर. एकदा सगळे परगावी गेले. मला रिकामं करायला कोणी नव्हतं. मी भरले. भरल्यावर बादलीने पुढे काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी वाहू लागले. मंडळी परतली तेव्हा खालच्या खोलीचं छत मशीनवर येऊन बसलं होतं.

ताई भिंतीला टेकून उभीच राहिली. शाळा उघडायला आली होती आणि गणवेश शिवायला जागा नव्हती. अप्पा मात्र निवांत होते. घराचा विमा होता, आणि घरात काहीही मोडलं की कंपनी नवं करून देते, अशी त्यांची पक्की समजूत होती. मालकाने घराची काळजी घेतलेली असावी लागते, एवढी एक अट त्यांना ठाऊक होती. त्याचा पुरावा म्हणजे मी. नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार होता, त्या सकाळी त्यांनी मला घासून चकचकीत केलं आणि बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. सर्व्हेअरला स्टूल मिळालं.

पाइप एकाएकी फुटला का, असं त्याने विचारलं. ताई काही बोलणार, तोच अप्पा म्हणाले, "छे हो, एकाएकी कसला? कित्येक वर्षं गळतोय. आम्ही काय झोपलो होतो? ही बघा बादली."

सर्व्हेअर माझ्याकडे बघत राहिला. इतकं निरखून मला कोणी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

"अप्पा," ताई म्हणाली, "आता तरी गप्प बसा."

सर्व्हेअरने शांतपणे समजावलं. आग, वादळ, घरफोडी, अचानक फुटलेला पाइप, हे सगळं या विम्यात बसतं. हळूहळू गळणं, गंजणं, झिजणं बसत नाही. माहीत असून दुरुस्त न केलेलं तर नाहीच नाही. ती देखभाल मालकाची.

अप्पांनी बराच विचार केला. "म्हणजे चोराने ही बादली नेली असती, तर पैसे मिळाले असते?"

"बादलीचे मिळाले असते. घसारा वजा जाता." त्याने मला उचलून पाहिलं. "फार नाही."

त्याने मला खाली ठेवलं, तशी माझी कडी आडवी पडली.

अप्पांनी स्वतःची खोली ताईला दिली आणि ते बैठकीच्या खोलीत झोपू लागले. चुकलं, असं काही ते म्हणाले नाहीत. पण गणवेशांना गुंड्या लावत बसायचे. त्यातल्या निम्म्या ताईला उसवून पुन्हा लावाव्या लागायच्या. तिने ते त्यांना कळू दिलं नाही. गणवेश वेळेवर गेले. खालचं छत अजून तसंच आहे. प्लंबर आला, त्याने एक वॉशर बदलला आणि गेला. जिना चढायलाच त्याला जास्त वेळ लागला.

आता मी ताईच्या मशीनशेजारी असते, चिंध्या सांभाळत. अप्पा अजूनही रोज सकाळी बेसिनखालचं कपाट उघडतात. कोरडं दिसलं की जरा थांबतात आणि दार लावून घेतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोणाच्या घरात एखादी बादली वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली दिसली, तर तिचं कौतुक करू नका. तिच्या वर बघा.