तिखट घेता का?

पवनीच्या बाहेर, गोपीचंद सेठच्या सातऱ्यावर, हिवाळ्यात पन्नास-साठ बाया मिरची खुडायला बसतात. सातरा म्हणजे मोकळं मैदान, वर बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी आणि खाली वाळल्या मिरचीचे ढीग. मिरची उचलायची, देठ मोडायचा, मिरची इकडे, देठ तिकडे. तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधायचा आणि हात डोळ्यांकडे न्यायचा नाही. नव्या बाईला असा ठसका लागतो की ती पहिल्या दिवशी दुपारीच घरी पळते. मालनबाईला शेवटचा ठसका लागून चाळीस वर्षं झाली होती.

तिच्या शेजारची जागा गोदावरीबाईची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एकाच वर्षी सातऱ्यावर बसल्या. त्या दिवशी गोदावरीबाईचा हात मध्येच थांबला आणि ती कपाळ धरून बसली.

"का झालं वो, गोदे?"

"काही नाही. डोस्कं गरगरून राहिलं."

"बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

"ते त बंद केली. वीस-बावीस दिस झाले."

मालनबाईने हातातली मिरची खाली ठेवली. "बंद केली? काहून?"

"काहून म्हणजे? तूच त सांगतलं."

"मी?"

"हाव, तूच. आता नाही म्हणू नको. साऱ्या पवनीनं पायलं."

गोदावरीबाईने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, पदराने बोटं पुसली आणि व्हिडिओ लावला. त्यात मालनबाई याच ढिगाशी बसलेली होती. मागून आवाज आला, "मालनबाई, तुम्ही तिखट घेता का?" फोनातली मालनबाई हसली. "घेतो ना जी. रोज घेतो. तिखटाबिगर मले जमतच नाही." "बीपी आहे?" "नाही." "शुगर?" "नाही जी." "वय?" "एकसष्ट लागलं." मग वाजंत्री वाजली आणि पडद्यावर एक लाल डबी आली. डबीवर मोठ्या अक्षरात नाव होतं: तिखट. खाली लिहिलं होतं, मिरचीच्या अर्काच्या गोळ्या, रोज दोन.

मालनबाईने तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

आमच्याकडे मिरचीच्या भुकटीला तिखटच म्हणतात. किराणा दुकानात पुडी मागायची तर तिखट, फोडणीत घालायचं ते तिखट. दिवाळीच्या सुमारास गावातले आनंदराव फोन घेऊन सातऱ्यावर आले आणि त्यांनी विचारलं, तेव्हा मालनबाईला वाटलं होतं, केवढा बावळट प्रश्न! तिखट कोण घेत नाही? बाजारात त्याच नावाची डबी आली आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती गोळी तिने खाल्ली तर नव्हतीच, पाहिलीही नव्हती.

"गोदे, मी वाटीतल्या तिखटाचं बोलली. गोळीचं नाही."

"चाल, आता भाव खाऊन राहिली."

"खरं सांगतो. उद्यापासून गोळी सुरू कर."

"नाही करत." गोदावरीबाई चिडली. "ते दवाखान्यातली गोळी घेतली की मले घंट्या-घंट्याले लघवीले पळा लागे. अठी कोठं जागा हाये बाईले जायले? आता डबीतली घेतो त कशी एका जागी बसून रायतो. अन् तू साऱ्या पवनीसमोर एक बोलली, माह्या कानाशी दुसरं बोलते. जे तठी बोलली ते तठीच फिरव. मंग पाहीन."

एवढं बोलून तिने तोंडावरचा फडका वर ओढला आणि पुन्हा देठ मोडायला लागली. मालनबाई तिच्या मानेवर फुगलेली शीर पाहत राहिली. गोदावरीचा मोठा दीर असाच गोळ्या सोडून बसला होता, आणि एका सकाळी बैलाला पाणी दाखवता दाखवता त्याचं अर्धं अंग गेलं होतं. त्याला उचलून आणणाऱ्यांत मालनबाईचा नवरा होता.

सुट्टी झाल्यावर ती घरी गेली नाही. सरळ आनंदरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

आनंदराव सेवानिवृत्त कारकून. माणूस वाईट नव्हता. नोकरी सुटल्यावर त्यांचं पोट सुटलं, डॉक्टरने चालायला सांगितलं, म्हणून ते रोज सकाळी वैनगंगेच्या घाटापर्यंत जाऊन येत. त्याच दिवसांत त्यांनी या गोळ्या सुरू केल्या. पोट उतरलं. श्रेय मात्र सगळं डबीला गेलं आणि आनंदराव त्या डबीचे तालुक्यातले एजंट झाले.

"आनंदरावजी, माह्यं तोंड काढा त्या फोनातून."

आनंदराव हसले. "ते आता माझ्या हातात नाही, मालनबाई. शंभर ठिकाणी गेलं ते. आणि तुम्ही खोटं काय बोलल्या? तिखट घेता म्हणाल्या. घेता ना?"

"वाटीतलं घेतो."

"वाटीत काय आणि गोळीत काय, आतला गुण एकच. गोळीत तो जरा कडक."

"मोहाच्या दारूत अन् दवाखान्याच्या स्पिरिटात बी एकच गुण असते म्हणतात. पिता का स्पिरिट?"

आनंदरावांचं हसू थोडं आखडलं. त्यांनी कपाटातून एक चकचकीत कागद काढला. "हे पाहा, संशोधनाने सिद्ध झालंय. तुम्हाला वाचता येत नसेल, पण..."

"येते," मालनबाई म्हणाली आणि कागद घेतला. ती आणि गोदावरी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोरांच्या शाळेत संध्याकाळी बसून अक्षरं शिकल्या होत्या. अजूनही शब्दाखाली बोट ठेवल्याशिवाय तिला वाचता येत नसे, पण एकदा वाचलेलं ती विसरत नसे.

"गुरुवारी सभागृहात कार्यक्रम आहे," आनंदराव मऊ आवाजात म्हणाले. "कंपनीचे साहेब येणार आहेत नागपूरहून. शाल घालून तुमचा सत्कार आहे. गोपीचंद सेठ माझे व्याही, तेही येतील. त्यांनाही बरं वाटेल." शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश म्हटलं. ज्याच्या सातऱ्यावर बसते त्याचं नाव बाईला लवकर समजतं.

"येतो," मालनबाई म्हणाली.

घरी सून प्रतिक्षा आली होती. तिने औषधांचं शिक्षण घेतलं होतं आणि ती बाजारातल्या मेडिकलमध्ये काम करायची. मालनबाईने तिच्यापुढे कागद टाकला. "हे खरं का लबाड, सांग."

प्रतिक्षाने कागद वाचला, मग फोन घेऊन बराच वेळ काहीबाही शोधत बसली. भात शिजून उतरला तरी तिची मान खालीच.

"आई, संशोधन झालंय. ते खोटं नाही."

मालनबाईने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

"पण त्यातून निघालं काय, ते यांनी छापलं नाही. वजनाचंच घ्या. बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर फरक अर्ध्या किलोच्या आसपास."

"अर्धा किलो? तेवढं त सकाळी शौचाले जाऊन आलं की उतरते."

प्रतिक्षा हसली. "बीपीचं पाहिलं तर ठोस फरक दिसलाच नाही. आणि दुखण्याचं म्हणतात, तर ते मिरचीचं मलम असतं, चामडीवर लावायचं. आमच्या दुकानात आहे. काही दुखण्यांना त्याचा उपयोग होतो. पण ते लावायचं, गिळायचं नाही."

"अन् मिरची खाणारे जास्त जगतात, हे लिवलं ते?"

"ते लोकांना विचारलं, तुम्ही जेवणात मिरची खाता का, आणि मग वर्षानुवर्षं पाहिलं. त्यात गोळी कुठेच नव्हती. आणि मिरची खाणाऱ्याच्या बाकीच्या सवयीही निराळ्या असतील ना? जगला तो मिरचीमुळेच, हे कोण सांगणार?"

मालनबाईला मिरचीची पोती आठवली. सातऱ्यावर माल उतरतो तेव्हा व्यापारी पोत्याचं तोंड उघडून वरची लालभडक मिरची दाखवतो. जाणती बाई तिकडे पाहतही नाही. ती हात कोपरापर्यंत आत घालते आणि मधून मूठ काढते. कागदावर यांनी पोत्याचं तोंड तेवढं दाखवलं होतं.

"किती लोकायवर पायलं?"

"कुठे वीस, कुठे पन्नास, कुठे थोडे जास्त."

"किती दिस?"

"बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिने."

"अन् त्याइनं कसं ओळखलं का फरक गोळीचाच हाये म्हणून?"

"अर्ध्या लोकांना खरी गोळी देतात, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती, ते त्यांना सांगत नाहीत. मग दोघांची तुलना."

ही युक्ती मालनबाईला फार आवडली. "मंग मले कोणती देली होती?"

"तुम्हाला तर कोणतीच दिली नाही, आई."

"म्हणजे खरी बी नाही, पोकळ बी नाही. अन् पुरावा मी!" मालनबाई एवढ्या जोराने हसली की शेजारची कुत्री भुंकली. हसता हसताच गोदावरीच्या मानेवरची शीर तिला आठवली.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर व्यापारी आणि गोपीचंद सेठ, मागे सतरंजीवर सातऱ्याच्या बाया. गोदावरी भिंतीला टेकून बसली होती. कंपनीचा साहेब तिशीचा असेल, कोट घालून घामाघूम झालेला. त्याने पडद्यावर रेघा दाखवल्या, वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या. मग मालनबाईला वर बोलावलं. आनंदरावांनी शाल घातली, टाळ्या झाल्या. साहेबाने माईक तिच्या तोंडापुढे धरला आणि गोड आवाजात विचारलं, "सांगा आजी, तिखट घेता का?"

"कोणतं?" मालनबाई म्हणाली.

मागच्या बाया खुदखुदल्या. साहेबाने डबी वर केली. "हे."

"हे मी आज पायली. याच्या आंधी कधी पायली नाही, खाल्ली नाही. मी माह्या घरच्या तिखटाचं बोलली होती. माह्या तोंडाले भुलून कोणी बीपीची, शुगरची गोळी सोडली असन, तर आजपासून सुरू करा. गोदे, तुले बी सांगून राहिलो. जठी बोलली तठीच फिरवून राहिलो."

सभागृहात गलका झाला. आनंदराव उठले, बसले, पुन्हा उठले. साहेब मात्र सराईत होता. "आजींचा गैरसमज झाला. पण संशोधन तर आहे ना! मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी..."

"हाये ना," मालनबाई म्हणाली. "वजनात अर्धा किलो. ते कागदावर काहून नाही लिवलं? बीपीत फरक दिसला नाही, ते काहून नाही लिवलं?"

"आजी, हे शास्त्र आहे. तुम्हाला ते कळणार नाही."

"मले जेवढं कळलं तेवढं तरी छापाचं होतं."

साहेबाने कोणाला तरी खूण केली आणि माईक बंद झाला. त्याला माहीत नव्हतं की साठ बायांची बडबड चालू असतानाही सातऱ्याच्या एका टोकाची बाई दुसऱ्या टोकाला पाणी मागते. मालनबाईने आवाज थोडासाच चढवला. "घेतली का कोणी ही गोळी? उठून सांगा. भ्याचं काम नाही."

बेबीबाई उठली. "मी घेतली महिनाभर. छातीत अशी आग पडे का झोप नाही. वजन जेवढं होतं तेवढंच हाये."

"आंधी काहून नाही बोलली?" कोणीतरी ओरडलं.

"मालनबाईले गुण आला, मले नाही आला, म्हणजे माह्यातच खोट असन, असं वाटलं मले!"

आता हसू पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं. गोपीचंद सेठ मात्र हसले नाहीत. ते उभे राहिले. "मालन, पाहुण्यांचा अपमान केला तू. उद्या सातऱ्यावर येताना विचार करून ये."

मालनबाईने अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. "ज्यानं गोळी खाल्ली त्याले घाला हे. अन् सेठ, मी उद्या येतो. आठ वाजता येतो, माह्या जागेवर बसतो. उठवाचं असन त तुम्ही सोता येऊन उठवा. पण मंग या बायाइच्या समोर सांगा, काहून उठवलं ते."

सतरंजीवरून कोणी हाललं नाही. सेठने त्या साठ बायांकडे एकदा पाहिलं. मोसम भरात होता, गोदामात मिरचीची पोती छताला लागली होती. ते खाली बसले आणि घड्याळ पाहायला लागले.

गोदावरीबाई मात्र भिंतीचा आधार घेत उठली आणि बाहेर पडली. मालनबाई चपला हातात घेऊनच तिच्यामागे धावली.

"गोदे, कोठं चालली वो?"

"दवाखान्यात," गोदावरी न थांबता म्हणाली. "तुह्या तोंडाचा आता भरवसा नाही. आज एक बोलते, उद्या एक. मशीनलेच विचारतो."

सरकारी दवाखान्यात रांग होती. दोघी बाकावर बसल्या. नंबर आल्यावर नर्सने गोदावरीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, पाऱ्याकडे पाहिलं. पुन्हा हवा भरली.

"एकशे नव्वद. अहो बाई, तुम्ही गोळी घेत नाही का?"

"लघवीले पळा लागते घडीघडी."

"मग ते डॉक्टरांना सांगायचं. ते गोळी बदलून देतात. आपल्या मनाने बंद करतं का कोणी? कोणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

गोदावरीने नुसती हनुवटी मालनबाईकडे वळवली.

"माह्या सांगण्यावरून," मालनबाई म्हणाली आणि टेबलापाशी येऊन उभी राहिली. "लिवा माह्यं नाव त्या कागदावर. अन् आता सुरू करून राहिली, ते बी माह्याच सांगण्यावरून, ते बी लिवा."

"तुह्या सांगण्यावरून नाही," गोदावरी खेकसली. "एकशे नव्वदच्या."

आणि तिने नर्सपुढे हात पसरला. "दे बाई ते गोळी. पाणी बी दे."