गोल शिक्का आणि मी

आमच्या गणपतरावांच्या हाताला काय खोड जडली आहे, देव जाणे. कागद पुढ्यात आला की शिक्का शाईच्या डबीवर दोनदा आपटायचा, डोळे बारीक करायचे आणि तो गोल, जांभळा शिक्का नेमका तारखेवर हाणायचा. एवढा मोठा कागद, वर जागा, खाली जागा, पण नाही. तारीखच पाहिजे. काल दुपारीसुद्धा तेच केलं. दुसरी कुणी असती तर सांगून सांगून थकली असती. मी थकत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. कोल्हापूरच्या अंगणातल्याच एका नगरपालिकेची. नाव सांगणार नाही. घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडायची मला सवय नाही, थोडं मांडते तेवढं मांडते.

२००१ साली मंगळवार पेठेत, दीपामॅडमच्या कॉम्प्युटर क्लासात माझा जन्म झाला. शिक्षण माझं बेताचंच. पाच पानं, वर उजवीकडून डावीकडे पळणारं लाल ‘सुस्वागतम’ आणि कोपऱ्यात मिणमिणणारी एक समई. पण जे होतं ते नीटनेटकं होतं. आजकालच्या पोरींसारखं मला उघडायला पाच मिनिटं लागत नव्हती.

माझं उद्घाटन थाटात झालं. नगराध्यक्षांनी माउसला कुंकू लावलं, मॉनिटरला झेंडूचा हार घातला आणि नारळ टेबलाच्या कोपऱ्यावरच फोडला. पाणी कीबोर्डात गेलं. तीन दिवस निम्म्या कळा उठत नव्हत्या. पण कौतुक किती! माझ्या पायाशी एक आकडा होता, किती पाहुणे आले ते सांगणारा. पहिल्या आठवड्यात तो तीनशेवर गेला. त्यातले अडीचशे एकटे गणपतरावच. ते आमचे हेडक्लार्क. येता-जाता मला उघडायचे, आकडा एकाने वाढला की खूश होऊन चहा मागवायचे.

मग कौतुक सरलं. नगराध्यक्ष बदलले, माझ्यावर फोटो जुन्यांचाच राहिला. उन्हाळ्यातल्या टंचाईची सूचना, ‘पाणी एक दिवसाआड येईल’, ती पंचगंगेला पूर आला तरी माझ्या कपाळावर होती. लोक हसायचे. मी मान खाली घालायचे.

पुढे वरून आदेश आला की नगरपालिकेची प्रत्येक सूचना वेबसाइटवर टाकायची. तेव्हा गणपतरावांनी आपली पद्धत बसवली. सूचना कॉम्प्युटरवर टाइप करायची. मग ती कागदावर छापायची. त्यावर सही, सहीशेजारी गोल शिक्का. मग तो कागद स्कॅन करून त्याचं चित्र माझ्यावर चिकटवायचं. कॉम्प्युटरवर बसणारा जिनेंद्र रोज जयसिंगपूरहून एस.टी.ने यायचा. हुशार पोरगा. तो एकदा म्हणाला, अक्षरं आधीच टाइप केलेली आहेत, तीच सरळ टाकू या. गणपतरावांनी त्याला असं पाहिलं की जणू त्याने देवळात चप्पल घालून पाय ठेवला. शिक्क्याशिवाय सूचना म्हणजे नुसती अफवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

खोटं कशाला सांगू, मलाही तो शिक्का आवडायचा. एकेक सूचना म्हणजे मळवट भरल्यासारखं वाटायचं. पंचेचाळीस शिक्के मिरवत मी बसले होते. आपल्यासारखी भारदस्त बाई पंचक्रोशीत नाही, असाच माझा समज होता.

तो समज २००८ च्या मार्चमध्ये उतरला.

त्या दिवशी शिवलीला हुक्केरी नावाची मुलगी ऑफिसात आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हातात पांढरी काठी, बरोबर भाऊ महांतेश. तो कबनूरला कापडाच्या लूमवर कामाला होता. शिवलीलाला नवव्या वर्षापासून दिसत नव्हतं. पण तिच्या हातची कांदा-लसूण चटणी सबंध गल्लीला ठाऊक होती. मिरचीचा नुसता वास घेऊन ती संकेश्वरी कुठली आणि ब्याडगी कुठली ते सांगायची, आणि भेसळ असेल तर दुकानदाराला तिथंच सुनवायची. म्हणूनच ती मला आवडली असावी.

तिला चटणीचं दुकान टाकायचं होतं. नव्या मंडईत अपंगांसाठी एक गाळा राखून ठेवला होता. गेल्या वर्षी त्यासाठी मुदतीत एकही अर्ज आला नाही आणि गाळा बंद राहिला. यंदाही कुणी आलं नाही, तर तो सगळ्यांना खुला होणार होता. मग काय, पैसेवाले टपून बसलेलेच होते.

शिवलीलाने विचारलं, सूचना कुठे आहे?

“वेबसाइटवर हाय की ताई,” गणपतराव ऐटीत म्हणाले. “आमचं सगळं ऑनलाइन.”

तिने पर्समधून एक सीडी काढली. मिरजेच्या एका संस्थेत ती कॉम्प्युटर शिकली होती. पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्या सीडीत होतं. जिनेंद्रने ते बसवलं आणि मला उघडलं.

मित्रांनो, सात वर्षांच्या आयुष्यात मला पहिल्यांदा आवाज फुटणार होता. सगळं ऑफिस भोवती गोळा झालं. मी घसा साफ केला, म्हणजे मनातल्या मनात. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे :

“ग्राफिक. स्कॅन शून्य शून्य चार तीन. ग्राफिक. स्कॅन शून्य शून्य चार चार. ग्राफिक.”

पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कुणीतरी फिसकन हसलं. भरल्या ऑफिसात माझी अब्रू गेली. ज्या शिक्क्यांचा एवढा तोरा, त्यांच्यामागे मी मुकी होते.

“मशीन खराब हाय,” गणपतराव म्हणाले.

“मशीन चांगलं हाय काका,” शिवलीला शांतपणे म्हणाली. “त्याला अक्षरं वाचता येत्यात, फोटो न्हाय. बरं, ऱ्हाऊ दे. तुम्ही वाचून दावा. शेवटची तारीख काय हाय?”

गणपतरावांनी चष्मा लावला. पडद्याजवळ गेले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मान तिरकी करून बघितलं. तारीख शिक्क्याखाली होती. त्यांना स्वतःलाच वाचता येईना. अखेर शालूबाई शिपायीण कपाटातल्या फाइलमधली बिनशिक्क्याची प्रत घेऊन आली आणि तिने वाचून दाखवलं की अजून सहा दिवस आहेत.

“गेल्या वर्षी माझ्या भावानं घरी बसून वाचलं हुतं,” शिवलीला म्हणाली. “त्याला दोन डोळे हाईत. तरी त्यानं चौदाचं एकोणीस वाचलं. आमी अठराला अर्ज घेऊन आलो, तवा तुमीच म्हणाला, मुदत संपली.”

महांतेश खाली बघत उभा राहिला. वर्षभर ती चूक त्याने स्वतःची म्हणून वागवली होती. गणपतरावांनी टेबलावरचा शिक्का उचलला. माणूस वाईट नाही हो तो. आपला शिक्का कुणाचं काय झाकतो, हे त्याला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं.

त्यांनी शिक्क्याची मूठ बोटांत फिरवली. मग जिनेंद्रला म्हणाले, तुला काय करायचं ते कर, पण शिक्का पाहिजे म्हणजे पाहिजे.

जिनेंद्रने तोड काढली. वर सगळी सूचना खऱ्या अक्षरांत, कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल अशी. तिच्याखाली शिक्का मारलेल्या कागदाचं चित्र. आणि चित्रामागे डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन ओळी, त्या चित्रात काय आहे ते सांगणाऱ्या. वाचणारं यंत्र चित्रापाशी आलं की त्या ओळी बोलून दाखवणार.

पहिल्यांदा गाळ्याची सूचना घेतली. मग मागच्या सगळ्या. जिथे शिक्क्याखाली अक्षर लागायचं नाही, तिथे गणपतराव फाइल उघडून मूळ मजकूर सांगायचे. पंचेचाळीस वेळा त्यांना स्वतःच्या शिक्क्याखालचं शोधावं लागलं. मला सांगायला हरकत नाही, मजा आली. शिवलीला रोज दुपारी येऊन मला तपासायची. ते पळणारं ‘सुस्वागतम’ यंत्राला नीट वाचता येईना, म्हणून तिने ते थांबवायला लावलं. मला आधी राग आला. मग जाणवलं, सात वर्षं पळून पळून मलाही दम लागला होता.

चौथ्या दिवशी तिने अर्जाचा नमुना माझ्यावरूनच ऐकला आणि स्वतः टाइप करून भरला. भावाने नुसती सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं.

यंदा तीन अर्ज आले. मंडईत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या. त्या गर्दीत शिवलीला गेली नाही. घरी कॉम्प्युटरपाशी मला उघडून बसली. जिनेंद्रने निकाल टाकला, तिने कळ दाबली आणि मी बोलले. उच्चार त्या यंत्राचे जरा हिंदी वळणाचे, ‘ळ’ काही त्याला जमत नाही.

“गाला क्रमांक अकरा. शिवलीला प्रभुलिंग हुक्केरी.”

तिने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा आईला हाक मारून ऐकवलं. आयुष्यात माझ्यावर खूप हार पडले, पण तेवढा मान मला कुणी दिला नाही.

आता तिच्या दुकानावरून जाताना लोकांना शिंका येतात. आणि आमच्याकडे ‘तारीख काय हाय हो?’ म्हणून दिवसभर वाजणारा फोन गप्प झाला आहे. डोळसांनाही तारीख दिसायला लागली म्हणायची. गणपतराव दोन दिवस रुसून बसले. त्यांना विचारायला कुणी येईना ना.

तुम्हीही उद्या मोठे व्हाल मित्रांनो, माझ्यासारख्या वेबसाइटी बनवाल. खुशाल नटवा, सजवा. पण चित्र लावलंत की त्यामागे दोन ओळी लिहा, आणि एकदा डोळे मिटून, वाचणाऱ्या यंत्राकडून आपल्या वेबसाइटला बोलतं करून बघा. ती बोलली तर ठीक. नाही बोलली, तर ती कितीही देखणी असो, अजून तिला घरकाम काही येत नाही, असं समजा. आणि आम्हा जुन्यांना अधूनमधून उघडत जा. पुराच्या दिवसांत आमच्या कपाळी टंचाई ठेवू नका.

आता कालची गोष्ट. नवी सूचना आली, शिक्का पडला, कागद माझ्यावर चढला. जिनेंद्रने चित्रामागे दोन ओळी लिहिल्या. त्याला लिहायचं असतं ते एवढंच की चित्रात काय दिसतं. त्याने इमानाने लिहिलं. गणपतराव खुर्ची ओढून पुढे बसले. हल्ली आपल्या शिक्क्याचं वर्णन ऐकायची त्यांना आवड लागली आहे. अंगठ्याने मिशी सारखी केली आणि म्हणाले, लाव.

अक्षरं जिनेंद्रची होती, आवाज यंत्राचा होता. पण इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलले ती मीच.

“चित्र. सूचनेची प्रत, खाली सही. गोल शिक्का, जांभली शाई. गणपतराव, शिक्का परत तारखेवर पडलाय. माणूस तुम्ही सोन्यासारखं हाय, पण हात जरा बाजूला सरकवा की.”