कोटाच्या बाहीतला कोळी

उंब्रजपासून गाडीवाटेनं थोडं आत, कृष्णेच्या काठाला बयाबाईचं सासर होतं. घरात नवरा केरबा, सासू बनुबाई आणि धाकटी जाऊ तानुबाई. तानुबाईचा नवरा आकाराम पलटणीत होता. लढाई चालू होती आणि तो इटलीत कुठंतरी होता, एवढंच घरच्यांना ठाऊक होतं.

बयाबाईला मूलबाळ झालं नाही. तानू लग्न होऊन आली तेव्हा तिला डोईवरचा पदरही धड सांभाळता येत नव्हता. तिची वेणी बयाबाईनं घातली, भाकरी थापायला बयाबाईनं शिकवलं, पहिल्यांदा माहेरी धाडताना तीच वेशीपर्यंत रडत गेली. नव्या माणसाला त्या मायलेकीच वाटायच्या.

कुणाला काही चावलं-डसलं की गावातल्या बाया बयाबाईकडं यायच्या. हे तिला बापाकडून आलेलं. मंत्र, अंगारा असलं काही ती करत नसे. "मला मंतर येत न्हाई, बगाय येतं," असं ती म्हणायची. विंचू असला तर कळ लगेच मस्तकात जाते. सापाचे दात वेगळे, सूज वेगळी. आणि कोळी चावला तर आधी टाचणी टोचल्यासारखं होतं, माणूस विसरून कामाला लागतं. दिवस कलता कलता ठणका सुरू होतो, मधोमध पांढरं पडतं आणि भोवती लाल कडं उठतं. एवढं बघून ती सांगायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. सापाला मात्र ती हात लावत नसे. गाडी जुंपा आणि कराड गाठा, एवढंच सांगायची.

त्या वर्षी गुऱ्हाळं संपत आली होती. शेजारच्या गावातला एक शिपाई रजेवर आला आणि सांगून गेला की आकारामलाही रजा मिळेल असं दिसतंय. ते ऐकल्यापासून तानूचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं माजघर सारवलं, वाकळा धुतल्या, आणि खुंटीवर दोन वर्षं लटकलेला त्याचा काळा लोकरी कोट उन्हात टाकायला काढला. तो झटकायचं सोडून तिनं आधी अंगात घातला. बयाबाई परड्यातून येत होती, तिनं ते दारातून बघितलं आणि तानूला लाज वाटू नये म्हणून तशीच मागं फिरली.

संध्याकाळी तानू हात धरून चुलीपाशी आली.

"आक्का, हितं काय तरी टोचलंया. सकाळी काय वाटलं न्हाई. आता लय ठणकाय लागलंय."

मनगटाच्या वर, आतल्या अंगाला ते होतं. मधे पांढरा ठिपका, भोवती लाल. बयाबाईनं दिवा जवळ घेतला, बोटानं कडेकडेनं दाबून बघितलं. मग ती उठली आणि दोरीवरचा कोट काढून त्याची बाही उलटी केली. शिवणीत एक मातकट रंगाचा, लांब पायांचा कोळी चेंगरून बसला होता.

"कोळी हाय," ती म्हणाली. "साप न्हाई, भिऊ नगंस. पर हात सुजंल. काकणं काढाय लागतील."

तानूनं हात मागं ओढला.

"काकणं नगं, आक्का. माणूस लढाईवर हाय."

"सूज चढल्यावर रुततील. मग फोडाय लागतील. ते बरं का आत्ता सरळ काढल्यालं बरं?"

तानूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बयाबाईनं रिठ्याचा फेस केला, तिचा पंजा दाबून धरला आणि एकेक काकण न फुटता उतरवलं. ती सगळी काकणं तिनं तानूच्या दुसऱ्या हातात चढवली आणि रिकाम्या मनगटाला हळदीचा दोरा सैलसर बांधला. तेव्हा कुठं तानूच्या जिवात जीव आला.

मग बयाबाईनं ती जागा गार पाण्यानं स्वच्छ धुतली, ओल्या फडक्याची घडी ठेवली आणि हात उशीवर उंच ठेवून तिला निजवलं. फडकं वाळलं की ती पुन्हा भिजवायची.

बनुबाईला हे पटत नव्हतं. "दंडाला करकचून बांद," ती म्हणाली. "आन् बिराप्पाला बोलाव. इळा तापवून डाग दील. इख जागच्या जागी जळंल."

"आत्ती, डागानं इख जळत न्हाई, मांस जळतंय. आन् बांदलं तर हात काळा पडंल. कोळ्याचं आपसूक उतारतंय."

बयाबाईनं असे कितीतरी हात बघितले होते. कधी साधा फोड येऊन जायचा, कधी खपली धरून महिनाभर चिघळायचं, पण माणूस उठायचं. बनुबाई पुटपुटत सोप्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मधला पांढरा ठिपका निळसर झाला. पुढं काळा पडत गेला. तानूला ताप भरला. बयाबाई तिला काढा आणि पेज पाजायची, फडकी बदलायची आणि दर वेळी हाताकडं बघायची. हात वाईट दिसत होता, पण तिनं याहून वाईट बघितले होते. सूज दंडाच्या वर चढत नव्हती, म्हणून तिला धीर होता.

"दुकतंय का लय?" ती विचारायची.

"न्हाई, कमी हाय आता," तानू म्हणायची, आणि विचारायची, "आक्का, त्यास्नी रजा मिळाली तर पुण्यासनं येत्याल का मिरजंकडनं?"

मग एका सकाळी तानूला उठून बसवेना. बयाबाईनं तिला कवेत धरून परड्यात नेलं. तिथल्या पांढऱ्या धोंड्यावर तानूची लघवी गेली ती काकवीसारखी, तांबूस काळी. बयाबाई बघतच राहिली. तिनं तानूची हनुवटी उजेडाकडं वळवली. डोळे पिवळे झाले होते.

"हे कवापासनं?"

"झालं दोन-तीन दिस."

"मला का गं सांगितलं न्हाईस?"

"वाटलं, तुमी काढा पाजताय त्याचं आसंल." ती थांबून थांबून बोलत होती. "आन् भावजी सोप्यात, आत्तीबी जवळ. कसं सांगू आक्का? लाज वाटली."

बयाबाईनं तिला तशीच छातीशी धरली. मग केरबाला हाक मारून गाडी जुंपायला लावली. मसूरला आगगाडी धरून दोघं तिला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. गाडीत तानूचं डोकं बयाबाईच्या मांडीवर होतं. ती मधूनच पाणी मागायची आणि घोटभर पिऊन नको म्हणायची. खिडकीतून उसाची रानं मागं जात होती. एकदा तिनं विचारलं, "आलं का टेसन?" बयाबाई म्हणाली, "आता येतंय."

दवाखान्यात तिला खाटेवर घेतलं. सुया टोचल्या, दुसऱ्याचं रक्त द्यायची तयारी चालली. केरबानं बाही वर करून आपला हात पुढं केला, पण त्याचं रक्त जुळलं नाही. दुसरं रक्त मिळेपर्यंत तानूची लघवीच बंद झाली. ती दोन दिवस ग्लानीत होती. त्यातच ती गेली. बयाबाई तिच्या पायाशी बसली होती आणि ते पाय गार होत गेलेले तिच्या हातांना कळले.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बयाबाईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि घरी काय काय केलं ते सगळं विचारून घेतलं.

"हाताला तुम्ही केलंत त्यात काही चूक नाही," ते म्हणाले. "बांधलं नाहीत, डागलं नाहीत, ते बरं केलंत. पण विष हातात राहिलं नव्हतं, बाई. रक्तात गेलं होतं. कोळी चावल्यावर असं क्वचित होतं. लघवीचा रंग बदलला त्याच दिवशी आणायला हवं होतं."

"तवा आणली आसती तर जगली आसती?"

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला. "ते मला सांगता येणार नाही. आम्हाला थोडी सवड मिळाली असती."

कृष्णेच्या काठाला तिला अग्नी दिला. नेसवताना बायांनी काकणं दोन्ही हातांत सारखी भरायला घेतली, पण सुजलेल्या हातात ती जाईनात. बयाबाई म्हणाली, राहू द्या.

गावात बोलणं व्हायचं ते झालं. बिराप्पाला डाग देऊ दिला असता तर पोर वाचली असती, असं पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, आणि बयाबाई आली की घागरी उचलून चालू लागायच्या. बनुबाई तिच्या हातचं खायची, पण तिच्याशी बोलत नव्हती. काही मागायचं असलं तर केरबाला सांगायची. बयाबाईनं उलट उत्तर केलं नाही. आपण हाताचं जे केलं ते बरोबर होतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. ती दिवसातून दहा वेळा हाताकडं बघत राहिली आणि एकदाही दुसरं काही विचारलं नाही. एवढंच तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

आकारामची रजा तेव्हा झालीच नाही. लढाई संपून बऱ्याच महिन्यांनी तो सुटून आला. बातमी त्याला तिकडंच कळली होती. दारात ट्रंक ठेवून तो आईच्या पाया पडला. बनुबाईनं गळा काढला आणि रडता रडता डागाचं सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"वयनी, तुमी सांगा," तो म्हणाला.

बयाबाईनं चुलीकडं तोंड करून सगळं सांगितलं. कोट अंगात घातल्याचं, काकणांचं, परड्यातल्या धोंड्याचं, आगगाडीचं. डॉक्टर काय बोलले तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

"म्या इचाराय पायजे हुतं," ती शेवटी म्हणाली. "बाईमाणूस आसं आपणहून सांगत न्हाई, हे मला कळाय पायजे हुतं."

"कोट आंगात घातला व्हता?" आकारामनं विचारलं.

"व्हय."

"कसा दिसत व्हता?"

"ढगळ. हात दिसत नव्हतं तिचं."

तो रडला. माजघरातून बनुबाईनं हाक मारली, पण दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही. मग बयाबाईनं भाकरी टाकली, ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं तिच्या हातचे चार घास खाल्ले आणि पाणी प्याला. दुसऱ्या दिवसापासून बनुबाई बयाबाईशी बोलायला लागली. पहिलं बोलली ते मीठ कमी झाल्याचं.

पुढच्या वर्षी आकारामचं दुसरं लग्न झालं. तो तयार नव्हता. बयाबाईनंच त्याला मनवलं आणि फलटणकडची मुलगीही तिनंच बघितली. चंद्राबाई तिचं नाव. लग्नानंतर पाहुणे पांगले आणि चंद्रा पहिल्यांदा चुलीपाशी आली, तेव्हा बयाबाईनं तिला जवळ बसवून घेतलं.

"घरात काय चुकलं-माकलं तरी चालंल," ती म्हणाली. "पर आंगाला काय झालं तर लपवायचं न्हाई. काय बी आसू दे. लाज वाटली तर माझ्या कानात सांग."

चंद्रा नवी होती. ही आपल्याला असं का सांगते आहे, ते तिला उमगलं नाही. तिनं नुसती मान हलवली. बयाबाईनं परात पुढं ओढली आणि दोघी पीठ मळायला बसल्या.